बुकशेल्फ की टॉवर? आधी खोली मोजा

माझे पहिले टॉवर स्पीकर साडेतीन फूट उंच होते आणि खोली होती दहा बाय बारा. दुकानात ऐकले तेव्हा अंगावर काटा आला होता. घरी आणून लावले, तर बेस गिटार खालच्या दोन-तीन सुरांवर उतरली की कपाटाचं दार थरथरायचं आणि गाणं राहिलं बाजूला, नुसती घूं घूं ऐकू यायची. बाकीचे सूर ठीक, त्या दोन-तीन सुरांवरच हा तमाशा. मी आधी ॲम्प्लिफायरला दोष दिला, मग वायरला, मग रेकॉर्डिंगला. चार महिने असे गेल्यावर मामेभाऊ आला, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "अरे, स्पीकर चांगलेच आहेत. तुझी खोली त्यांना पुरत नाहीये." शेवटी ती जोडी त्याच्याकडेच गेली. त्याच्या लांबलचक हॉलमध्ये ती अशी वाजते की मला अजून थोडी असूया वाटते.

"बुकशेल्फ, म्हणजे हातभरही उंच नसलेले छोटे स्पीकर, चांगले की जमिनीवर उभे राहणारे टॉवर?" या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर नाही. किती मोठी खोली, कुठे बसून, किती मोठ्याने, हे आधी कळायला हवं. ते कळलं की उरलेला निर्णय सोपा असतो. खालच्या पायऱ्यांमध्ये स्पीकर उशिरा येतात ते याच कारणाने.

पायरी १: टेप घ्या

चार मापं लिहून काढा. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची हे एक. दोन स्पीकर जिथे ठेवता येतील त्या जागांमधलं अंतर हे दुसरं. त्या जागांपासून तुमच्या बसण्याच्या जागेपर्यंतचं अंतर हे तिसरं. चौथं माप बहुतेक जण घेत नाहीत: स्पीकरच्या पाठीमागे, भिंतीपर्यंत, किती जागा खरोखर मोकळी सुटू शकते?

"खरोखर" यासाठी म्हटलं की या मापात आपण स्वतःलाच फसवतो. "ऐकताना पुढे ओढू, झालं की मागे सारू" असं ठरवतो, आठवडाभर तसं करतोही. मग कोणाच्या तरी पायाला ठेच लागते आणि स्पीकर कायमचे भिंतीला चिकटतात. रोजच्या वावरात जी जागा मोकळी राहील तीच मोजा.

तुम्ही स्पीकरपासून दोन मीटरच्या आत बसणार असाल, किंवा पाठीमागे वीतभरच जागा सुटत असेल, तर माझ्या मते निर्णय झाला: बुकशेल्फ घ्या आणि पायरी ५ वर जा. अंतर तीन मीटरच्या वर असेल, खोली ऐसपैस असेल आणि मागे अर्धा-पाऊण मीटर मोकळा मिळत असेल, तर टॉवरचा विचार करण्यात अर्थ आहे. मधल्या सगळ्यांनी पुढचं वाचावं.

पायरी २: खोलीचा स्वतःचा सूर शोधा

माझ्या फसगतीचं कारण या पायरीत आहे, म्हणून जरा सविस्तर.

ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. म्हणजे ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनं) खर्जाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. एवढी लाट घरातल्या खोलीत मावतच नाही. ती समोरच्या भिंतीवर आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लाटेत मिसळते. ज्या सुराची अर्धी लाट दोन भिंतींमध्ये नेमकी बसते, तो सूर खोलीत कोंडल्यासारखा होतो. भिंतींजवळ तो फुगतो आणि बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो.

तुमच्या खोलीचा हा सूर कोणता, ते काढायला कागद-पेन्सिल पुरे. ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा. बारा फुटांच्या खोलीत येतात ४७ हर्ट्झ, दहा फुटांत ५६ च्या आसपास. आता बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ती ४१ हर्ट्झला वाजते आणि दुसऱ्या पडद्यावर दाबली तर ४६ ला. माझ्या कपाटाचं दार याच सुराला थरथरत होतं. त्यात माझी बैठक मागच्या भिंतीला टेकलेली, म्हणजे तो सूर जिथे सर्वांत जास्त फुगतो नेमकी तिथे.

हे वाचून सोडून देऊ नका, एकदा कानाने अनुभवा. खर्ज नीट काढणारा कोणताही बऱ्यापैकी मोठा स्पीकर एका संध्याकाळपुरता उसना आणा. फोनचा स्पीकर कामाचा नाही, त्याला ४७ हर्ट्झ काढताच येत नाहीत. टोन जनरेटरचं एखादं ॲप घ्या, भागाकारातून आलेला आकडा लावा, आवाज अगदी हळू ठेवा आणि खोलीत फिरा. भिंतीपाशी गुणगुण छातीत जाणवेल, दोन पावलं पुढे आलात की विरेल, मध्यभागी पोहोचलात की स्पीकर बंद पडलाय की काय अशी शंका येईल. कोपऱ्यात जाऊन उभे राहा, तिथे सगळ्यात जास्त. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण दोन-तीन वेळा मागे-पुढे चालून बघतो, विश्वास बसत नाही म्हणून. आवाज हळू ठेवायला सांगितलं ते गमतीत नाही. एकच सूर सलग मोठ्याने वाजवला तर वूफरची, म्हणजे खर्ज काढणाऱ्या मोठ्या कोनची, तारेची कॉइल तापते.

आता हे स्पीकरशी जोडा. टॉवर साधारण ३५-४० हर्ट्झपर्यंत जोर टिकवून खाली उतरतो, म्हणजे खोलीच्या या दुखऱ्या सुरावर तो पूर्ण ताकदीने बोट ठेवतो. बुकशेल्फचा आवाज ५५-६० हर्ट्झच्या खाली क्षीण होऊ लागतो, म्हणजे ४७ वर तो आधीच अर्धा थकलेला असतो. त्यात खोलीने भर घातली की बेरीज जवळपास बरोबर येते. छोट्या स्पीकरचा उणेपणा छोट्या खोलीत असा कामी येतो.

चौरस खोली असेल तर जास्त सांभाळा. लांबी-रुंदी सारखी म्हणजे दोन्हींचा सूर एकच आणि दोघांचा फुगवटा एकमेकांवर चढतो. उलट, खोली एका बाजूने दुसऱ्या खोलीत उघडत असेल, मोठं दार कायम उघडं असेल, तर खर्ज तिकडे निसटतो आणि हा त्रास कमी होतो. अशा मोकळ्या जागेत बुकशेल्फ मात्र बारीक आवाजाचे वाटू शकतात.

पायरी ३: पेटीच्या आत नक्की काय बदलतं

बुकशेल्फमध्ये बहुतेक वेळा वरचे तीव्र सूर काढणारा एक छोटा ट्वीटर आणि चार ते साडेसहा इंचांचा एक वूफर असतो. टॉवरमध्ये ट्वीटर एकच, पण खाली दोन-तीन वूफर, काहींत मधल्या सुरांसाठी वेगळा ड्रायव्हर आणि पेटीत कितीतरी जास्त हवा. ट्वीटर दोन्हीकडे बऱ्याचदा तोच असतो. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले बुकशेल्फ आणि टॉवर शेजारी ठेवून ऐका. गायकाचा आवाज, व्हायोलिन, झांजा यांत फरक शोधावा लागेल. खरा फरक खाली आहे, खर्जात, आणि किती मोठ्याने वाजवल्यावर आवाज फाटायला लागतो त्यात.

खर्ज काढणं हे हवा ढकलण्याचं काम आहे. तेवढ्याच जोराने एक सप्तक खालचा सूर काढायचा तर वूफरच्या कोनला चौपट मागे-पुढे व्हावं लागतं. पाच इंची कोन किती हलणार? साडेसहा इंची दोन वूफर मिळून पाच इंची एका वूफरच्या साधारण तिप्पट क्षेत्रफळाने हवा ढकलतात, म्हणून प्रत्येकाला कमी हलावं लागतं आणि आवाज स्वच्छ राहतो.

पेटीच्या आकारामागेही कारण आहे. त्याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. हे जे. अँटन हॉफमन म्हणजे १९५७ मध्ये निघालेल्या केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच'. त्याआधी, १९५४ मध्ये, एडगर व्हिलचर यांनी अकूस्टिक रिसर्चच्या एआर-१ या स्पीकरमध्ये बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून लहान खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला होता. तोवर चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी हवी असाच हिशोब होता. एआर-१ ने त्याची किंमत तिसऱ्या बाजूने मोजली: त्याला ताकदवान ॲम्प्लिफायर लागायचा. पुढे १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या, घरात एकाऐवजी दोन पेट्या ठेवणं भाग पडलं आणि लहान स्पीकरचे दिवस आले.

लहान पेटी म्हणजे तडजोड असा समज असेल तर बीबीसीचा एलएस३/५ए आठवावा. प्रक्षेपणाच्या गाडीत, जिथे पाय पसरायला जागा नसते तिथे, आवाज पारखता यावा म्हणून सत्तरच्या दशकात तो बनवला गेला. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, खर्ज बेताचाच, पण माणसाचा आवाज असा की लोक आजही त्याच्या जोड्या शोधत असतात. त्यावर दणदणाट होत नाही. तो त्यासाठी बनलेलाच नाही.

पैशांचं गणितही इथेच येतं. बुकशेल्फच्याच पैशांत टॉवर घेतला तर त्यातला बराच भाग लाकडात, जादा वूफरमध्ये आणि वजनदार खोकं वाहून आणण्यात जातो. मोठ्या पेटीची लांब फळी थरथरू नये म्हणून आतून आडवे टेकू द्यावे लागतात. स्वस्त टॉवरमध्ये नेमकी तिथेच काटकसर होते. बोटाच्या पेराने पेटीच्या मधोमध टकटक करून बघा. रिकाम्या डब्यासारखी घुमली तर गाण्यातही घुमणार. त्यामुळे माझं मत असं: बजेट आखूड असेल तर स्वस्त टॉवरपेक्षा त्याच किमतीचे बुकशेल्फ बहुतेक वेळा उजवे ठरतात.

पायरी ४: तुम्ही ऐकता काय आणि किती मोठ्याने

गायन, वाद्यवादन, गझल, बातम्या, पॉडकास्ट, गिटार घेऊन गाणारा एकटा गायक: यांतलं बहुतेक सगळं ६० हर्ट्झच्या वर असतं. चांगले बुकशेल्फ यात कमी पडत नाहीत. डग्ग्याचा घुमारा ऐकून बघा, तळहाताने दाबून सूर वर-खाली केलेला स्पष्ट कळला पाहिजे. नुसतं 'धब्' ऐकू आलं तर स्पीकर किंवा खोली यांपैकी एकाचं काहीतरी चुकतंय.

पाइप ऑर्गन, मोठा वाद्यवृंद, नाचण्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत यांची गोष्ट वेगळी. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची आहे, ऑर्गन त्याच्याही खाली जातो. हे पूर्ण आणि मोठ्याने ऐकायचं असेल, खोलीही मोठी असेल, तर टॉवर. चित्रपटांतल्या स्फोटांसाठी मात्र टॉवरही अपुरे, तिथे सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीची वेगळी पेटीच लागते.

आवाजाच्या पातळीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. "मी रात्री हळू ऐकतो, बेस कमी वाटतो, म्हणून टॉवर हवेत." बेस कमी वाटतो हे खरं, पण तो दोष कानाचा. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून दाखवले. टॉवर आणले तरी रात्री अकरा वाजता तुमचा कान तोच राहणार. त्याला उपाय म्हणजे ॲम्प्लिफायरवरचं बेसचं बटण, किंवा 'लाउडनेस' असं लिहिलेलं असतं ते. पुष्कळ जण या बटणांना हात लावणं कमीपणाचं मानतात. मी बिनदिक्कत वापरतो.

पायरी ५: ॲम्प्लिफायरशी जमतंय का

स्पीकरच्या कागदावर दोन आकडे शोधा: सेन्सिटिव्हिटी आणि इम्पिडन्स (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात). वॅटचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात छापतात आणि त्याचा उपयोग सर्वांत कमी.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. ८५ आणि ८८ यांत फरक तीनचाच दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला ८५ वाल्याला दुप्पट वॅट लागतात. टॉवरचा आकडा बहुधा जास्त असतो, हा त्यांचा खरा फायदा. यात एक मेख आहे. हे माप बहुतेक ठिकाणी २.८३ व्होल्टवर घेतात. आठ ओहमच्या स्पीकरला तेवढे व्होल्ट म्हणजे एक वॅट, चार ओहमच्या स्पीकरला दोन. म्हणजे चार ओहमच्या टॉवरचे ९० आणि आठ ओहमच्या बुकशेल्फचे ८७ यांत वॅटच्या हिशोबाने फरक शून्य.

दोन-तीन वूफर जोडलेल्या टॉवरचा इम्पिडन्स काही सुरांवर चार ओहमच्याही खाली घसरतो. ॲम्प्लिफायर साधा असेल तर तो अशा वेळी गरम होतो, कधी स्वतःच बंद पडतो. त्याच्या मागच्या बाजूला किती ओहमपर्यंतचे स्पीकर चालतात ते छापलेलं असतं. खरेदीआधी वाचा.

वॅट किती हवेत? लहान-मध्यम खोलीत, रोजच्या आवाजाला, सरासरी अर्धा वॅटसुद्धा पुरतो. पण तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका सरासरीच्या २० डेसिबल वर उसळू शकतो आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट. म्हणून ४०-५० वॅटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर बहुतेक घरांना पुरतो. खोली मोठी आणि स्पीकर कमी सेन्सिटिव्हिटीचे असतील तर जास्त लागेल. ताकद कमी पडली की ॲम्प्लिफायर लाटेचे शेंडे छाटतो, आवाज कर्कश होतो, आणि जळतो तो बहुधा ट्वीटर. आवाज फाटतोय असं वाटलं की लगेच कमी करा.

पायरी ६: "बुकशेल्फने जागा वाचते" हे तपासून बघा

बुकशेल्फ हे नावच फसवं आहे. पुस्तकांच्या फडताळात कोंबला की त्याची पाठ भिंतीला, दोन्ही बाजूंना पुस्तकं, आणि मागे पोर्टचं भोक असेल तर त्यातून येणारी हवा तिथेच गुदमरते. खर्ज फुगतो, गायक सर्दी झाल्यासारखा गातो. त्याला हवं स्टँड, साधारण ६० सेंटिमीटर उंचीचं, म्हणजे ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानापाशी, जमिनीपासून ९०-१०० सेंटिमीटरवर येतो. आता स्टँडचा तळ आणि टॉवरचा तळ शेजारी मोजा. जमिनीवर दोघं जवळपास तेवढीच जागा खातात. शिवाय स्टँडचे पैसे वेगळे.

म्हणजे जागेच्या मुद्द्यावर बुकशेल्फ तेव्हाच जिंकतात जेव्हा ते टेबलावर, बैठ्या कपाटावर किंवा भिंतीतल्या ब्रॅकेटवर बसणार असतात. तसं करायचं असेल तर पोर्ट समोर असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा स्पीकर घ्या. आधीच घेतलेल्याचा पोर्ट मागे असेल तर सोबत आलेला फोमचा बोळा त्यात घाला. कपाटावर ठेवताना पुढच्या कडेला आणा आणि खाली रबराचे चार तुकडे द्या, नाहीतर कपाटही गायला लागतं.

घरात रांगतं मूल असेल तर टॉवर काय आणि स्टँड काय, दोन्ही धोक्याचेच. टॉवरला सोबत येणारे रुंद पाय बसवा, स्टँड जड असेल तेच घ्या. स्पीकर स्टँडला नुसता ठेवू नका, चिकटवा किंवा स्क्रूने बसवा.

पायरी ७: तिसरा पर्याय, सबवूफर

बुकशेल्फ आणि एक सबवूफर ही जोडी मला बहुतेक घरांसाठी टॉवरपेक्षा जास्त पटते. कारण खोलीतच आहे. दोन स्पीकर जिथे ठेवल्यावर गायक समोर मधोमध उभा वाटतो, नेमक्या त्याच जागा खर्जासाठी चांगल्या असतील याची काहीच खात्री नसते. टॉवरचा खर्ज टॉवरच्या जागेलाच बांधलेला. सबवूफर मात्र कुठेही नेता येतो, कारण साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला नीट ओळखता येत नाही. दुसरं म्हणजे हे टप्प्याटप्प्याने घेता येतं: आज बुकशेल्फ, सहा महिन्यांनी वाटलं तर सब. माझ्या दहा बाय बारामध्ये सब घेण्याची वेळच आली नाही.

सबची जागा शोधायची रीत विचित्र आहे पण बिनचूक. सब उचलून तुमच्या बसण्याच्या खुर्चीवर ठेवा, खर्ज वर-खाली फिरणारं एखादं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेकडेने रांगा. जिथे कान जमिनीलगत असताना सगळे खालचे सूर सारखे ऐकू येतील, कुठला फुगणार नाही, कुठला बुडणार नाही, तिथे सब ठेवा. घरचे हसतील. हसू द्या.

ॲम्प्लिफायरला सबसाठी वेगळी पिन आहे का, एवढं मात्र आधी बघून ठेवा. नसेल तर स्पीकरच्या वायरवरून चालणारा सब लागेल.

पायरी ८: दुकानात ऐकताना

मी ज्या चुकीने टॉवर घेतले ती अशी. दुकानदाराने आधी बुकशेल्फ लावले, मग टॉवर. आवाजाचं बटण कोणी हलवलं नाही. टॉवरची सेन्सिटिव्हिटी जास्त, म्हणून ते तेवढ्याच बटणावर मोठ्याने वाजले, आणि मोठ्याने वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं. एका डेसिबलचा फरक 'मोठा' असा जाणवत नाही, 'जिवंत' असा जाणवतो. म्हणून फोनवर आवाज मोजायचं ॲप ठेवा, फोन तुमच्या बसण्याच्या जागी एकाच ठिकाणी धरा आणि दोन्ही जोड्या सारख्या आकड्यावर आणून मगच तुलना करा. ॲपचा आकडा अचूक नसला तरी चालेल, फरक दाखवण्यापुरतं ते विश्वासाचं असतं.

गाणी तुमचीच न्या, शेकडो वेळा ऐकलेली. पहिलं एकट्या माणसाच्या आवाजाचं, साथ कमीत कमी. माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला जन्मापासून माहीत असतं, तिथे स्पीकर लबाडी करू शकत नाही. दुसरं खर्जाची चाल स्पष्ट असलेलं. तिसरं गर्दीचं, ज्यात दहा वाद्यं एकदम वाजतात. तिथे प्रत्येक वाद्य वेगळं काढता येतंय का ते बघा. एकेक जोडी वीस मिनिटं तरी ऐका. पहिल्या दोन मिनिटांत चमकदार वाटणारे तीव्र स्वर विसाव्या मिनिटाला टोचायला लागतात.

आणि दुकानाची खोली तुमच्या खोलीपेक्षा मोठी असते हे लक्षात ठेवा. घरी नेऊन आठवडाभर ऐकायची आणि परत करायची सोय मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तिथूनच घ्यावं.

पायरी ९: घरी आणल्यावर

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण करा. स्पीकर किंचित तुमच्याकडे वळवा. मागच्या भिंतीपासूनचं आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर एकच सूर दोन्हीकडून बिघडतो. तुमची खुर्ची मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट तरी पुढे ओढा. मी ते टॉवर विकायच्या आधी हे केलं असतं तर घुमारा थोडा तरी कमी झाला असता, पण तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

वायर जोडताना लालला लाल, काळ्याला काळी. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर दोघांचे कोन एकमेकांच्या विरुद्ध हलतात, खर्ज गायब होतो आणि गायक समोर उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो. शंका आली तर बातम्यांचा निवेदक लावा. तो दोन स्पीकरच्या बरोबर मधून बोलला पाहिजे. बोलत नसेल तर सगळं बंद करून फक्त एका स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका.

मग आठ-दहा दिवस रोज थोडं सरकवा. भिंतीपासून दोन इंच पुढे, एका दिवशी दोन इंच मागे. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तेच गाणं लावा. एखाद्या संध्याकाळी गायकाच्या आवाजाला अचानक अंग येईल, खर्ज भिंतीतून सुटून गाण्यात येईल. त्या वेळी उठा आणि स्पीकरच्या किंवा स्टँडच्या चारही कोपऱ्यांपाशी जमिनीवर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा. केर काढताना ते हलतातच, आणि परत जागेवर ठेवणारा प्रत्येक वेळी तुम्हीच असाल असं नाही.